चित्राला हात न लावता रंग दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून चहा मागवला असता आणि विषय तिथेच संपवला असता. म्हणून हे जाहीर पत्र लिहिते आहे. चित्रातल्या पार्श्वभूमीचा रंग कसा ठरवायचा हे जे तुम्ही दाखवलंत ते पोर्ट्रेट आणि स्टिल लाइफ (मांडलेल्या वस्तूंची चित्रं) करणाऱ्या कितीतरी जणांना हवं असतं आणि सहसा कुणी नीट सांगत नाही, हेही एक कारण.

चित्र तुम्हाला आठवत असेल. मोरपंखी इरकल नेसलेल्या आजी, १८ बाय २४ इंची कॅनव्हास, तैलरंग. चेहरा झाला होता, हात झाले होते, काठसुद्धा झाला होता. फक्त मागची भिंत काही केल्या भिंत होत नव्हती. बडोद्यात चित्र जाणणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळे सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाले, मागे काळा लावून टाका, चेहरा आपोआप उठतो. दुसरे म्हणाले, बॅकग्राउंडला कोण बघतं, पॅलेटवर उरलेला रंग एकत्र करा आणि फासा. तिसरे चांगली फी घेऊन शिकवतात. त्यांनी तर माझ्या हातातला ब्रश घेतला आणि विचारल्याशिवाय आजींच्या कानापासून खांद्यापर्यंत राखाडीचा पट्टा ओढला. तो पट्टा पुसताना कानाची पाळीही पुसली गेली. शिकवणं हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी दुसऱ्याच्या कॅनव्हासवर असं जाऊ नये. मला त्याचा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र आधी हात पुसलेत. मग ईझल (चित्राचा स्टँड) सरकवून उत्तरेच्या खिडकीशी नेलंत आणि वरचा पिवळा दिवा बंद केलात. फाइलचं एक जुनं पारदर्शक कव्हर घेऊन त्याच्यावर पॅलेट नाइफने रंगाचे तीन जाड पट्टे लावलेत आणि ते कव्हर आजींच्या गालाशेजारी, रंगापासून बोटभर वर धरलंत. "बघ, यातला कुठला," एवढंच विचारलंत. मी मधला म्हटलं. तुम्ही नाइफ पुसून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मग आता हा तू बनव." तासभर तुम्ही शेजारी होतात. त्या तासात तुमचा ब्रश, तुमचं बोट, काहीही माझ्या चित्राला लागलं नाही.

या एका गोष्टीबद्दल मी किती वेळा आभार मानू, काका! चित्र अडलेलं असतं तेव्हा माणूस इतका अगतिक असतो की कुणी येऊन पुरं करून दिलं तरी तो गप्प बसतो. तुम्ही ती वेळ साधली नाहीत. मला कसं बघायचं ते दाखवलंत आणि चित्र माझंच राहू दिलंत.

त्या कव्हरबद्दल सगळ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते. रंग त्याच्यावर जाड लावावा लागतो. पातळ फासला तर खालचा रंग त्यातून दिसतो आणि अंदाज चुकतो. चित्र ओलं असेल तर कव्हर टेकवायचं नाही, वर धरायचं. अॅक्रिलिक किंवा पोस्टर कलर असेल तर पट्टा पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच चित्राशेजारी न्यायचा. अॅक्रिलिकमधला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारं द्रव्य, ओला असताना दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे रंग वाळल्यावर गडद दिसतो. पोस्टर कलरही वाळताना बदलतो. तैलरंगात हा बदल फार कमी, म्हणून तिथे लगेच निर्णय घेता येतो.

आता मूळ मुद्दा, जो तुम्ही दोन वाक्यांत सांगितलात. पार्श्वभूमीचं आधी उजळ-गडद ठरवायचं, रंग नंतर. परदेशी पुस्तकांत चेहऱ्यामागे मधली राखाडी सुचवलेली असते, कारण तिथला गोरा गाल काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत जाणाऱ्या दहा पायऱ्यांत आठव्या पायरीवर असतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या गालाचा उजेडातला भाग सहाच्या आसपास, सावलीतला तीन-चारवर. त्याच्यामागे पाच-सहाची राखाडी आली की चेहरा आणि भिंत एक होतात. मग लोक चेहऱ्यातच पांढरा घालत सुटतात आणि कातडी खडूसारखी होते. बिघाड मागे असतो आणि दुरुस्ती पुढे चालते. आजींच्या उजेडाकडच्या गालामागे तीनची पायरी आणि सावलीकडच्या गालामागे पाचची, असं तुम्ही सुचवलंत. डोळे बारीक करून पाहिलं तर लगेच कळतं. तेवढ्याने जमत नसेल त्यांनी मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहावा.

आणि रंग? तो माणसाच्या अंगावरूनच उचलायचा. इरकलीसाठी व्हिरिडियन (निळसर हिरवा) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) लागलेच होते. भिंतीसाठी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन समसमान घेतले, त्यात पाव भाग व्हिरिडियन, चिमूटभर रॉ अंबर (मातकट तपकिरी), आणि मग अगदी थोडा थोडा टायटॅनियम व्हाइट. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांना दाबतात आणि त्यातून जिवंत राखाडी निघते: निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. काळा आणि पांढरा मिसळून होणारी राखाडी निळसर आणि मुकी असते, कातडीशेजारी ती आजारी दिसते. प्रत्येक कंपनीचा बर्न्ट सिएना निराळा, काही तांबडे, काही नारिंगी. म्हणून हे माप सुरुवातीपुरतं घ्यावं, पुढचं ठरवायला ते पारदर्शक कव्हर आहेच.

ज्यांच्याकडे साडीचा असा आधार नाही, समजा पांढरा सदरा घातलेले आजोबा बसले आहेत, त्यांनी यलो ऑकर (मातकट पिवळा) दोन भाग आणि आयव्हरी ब्लॅक एक भाग मिसळून पाहावा. आश्चर्य वाटेल इतका छान ऑलिव्ह हिरवा निघतो. चिमूटभर बर्न्ट सिएना घालून तो शांत करायचा. चेहऱ्यात तांबूस-नारिंगी असतं, मागे मंद हिरवट आलं की ते तांबूसपण आपसूक वर येतं, गालात वेगळा लाल घालावा लागत नाही. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं तर रंगाई ठीक होती, दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगाचा होता. शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा दिसतो, हा नियम त्यांनी १८३९मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तुम्ही तो मला गालाशेजारी कव्हर हलवून दाखवलात.

रंग किती करायचा याकडे नवशिके हमखास दुर्लक्ष करतात. १८ बाय २४च्या कॅनव्हासवर साठ टक्के पार्श्वभूमी धरली तर एका सलग थराला पंधरा ते वीस मिलिलिटर रंग जातो. दोन थर आणि वर दुरुस्तीपुरता, असा चाळीसच्या आसपास एकदमच करून ठेवावा. निम्म्यात संपला आणि पुन्हा मिसळला तर जुळत नाही, सांधा दिसतोच. उजळ रंग हवा असेल तर पांढऱ्यात गडद थेंबाथेंबाने घालायचा. उलट केलं तर पांढऱ्याची अख्खी ट्यूब जाते आणि रंग तरीही काळवंडलेलाच राहतो. फ्थॅलो किंवा प्रशियन निळा असे फार जोरकस रंग वापरत असाल तर मोहरीएवढ्यापासून सुरुवात करा. तयार रंगाचे तीन ढीग: मधला, एक पायरी उजळ, एक पायरी गडद. काम दोन-तीन दिवस चालणार असेल तर सुपारीएवढ्या रंगाला लवंगेच्या तेलाचा एकच थेंब, वर प्लास्टिक लपेटायचं. त्याहून जास्त थेंब घातले तर थर कमकुवत होतो.

पांढऱ्याने रंग नुसता उजळ होत नाही, थंडही होतो. भिंत खडूसारखी वाटू लागली तर आणखी पांढरा घालण्याऐवजी चिमूटभर यलो ऑकर घालावा. कडेबद्दलही तुम्ही थांबवलंत ते बरं झालं. उजेडाकडची कड जरा ठाम, सावलीकडचे केस आणि कान ओल्या भिंतीत कोरड्या मऊ ब्रशने विरघळवायचे. सगळीकडे सारखी कड ठेवली की माणूस मासिकातून कातरून चिकटवल्यासारखा दिसतो.

स्टिल लाइफबद्दल आपलं बोलणं धावतं झालं, पण जे बोलणं झालं ते मोलाचं. पितळी तांब्यामागे मंद जांभळट राखाडी: अल्ट्रामरीन दोन भाग, अलिझरिन (गडद लाल) अर्धा, रॉ अंबर एक आणि पांढरा लागेल तसा. साधा अलिझरिन पांढऱ्यात फिका करून वापरला की काळाने उडतो, म्हणून परमनंट अलिझरिनच घ्यावा. टेबल आणि भिंत एकाच ढिगातून काढायची. उजेड वरून येत असेल तर आडवा भाग जास्त उजळ असतो, म्हणून टेबलाच्या वाट्याला थोडा ऑकर आणि पांढरा. तांब्याच्या सावलीकडच्या काठावर तोच भिंतीचा रंग एकदा फिरवायचा, कारण घासलेलं पितळ आजूबाजूचं सगळं दाखवतं. हे चुकलं तर तांब्या एका खोलीत आणि भिंत दुसऱ्या खोलीत, असं वाटत राहतं.

आणखी एक, जे माहीत नसल्यामुळे चांगली चित्रं लोक पुन्हा पुन्हा रंगवून खराब करतात. अंबर तेल पितो. वाळल्यावर अंबरचा गडद भाग मॅट होतो, फिकट राखाडी दिसतो, आणि माणूस त्याच्यावर आणखी गडद चढवतो. रंग गेलेला नसतो. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समसमान घेऊन, मऊ कापडाने वाळलेल्या भागावर अगदी पातळ चोळायचं आणि जास्तीचं सगळं टिपून घ्यायचं. मूळ रंग परत दिसतो, मग काय ते ठरवा. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक फार उशिरा. खाली काळ्याचा जाड थर आणि वर अंबर असं कधी करू नये, वरचं आधी आवळतं आणि तडे जातात. "मागे काळा लावून टाका" म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो.

तुमच्या सांगण्यावरून मी फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन रविवर्म्याच्या चित्रांत फक्त चेहऱ्यामागची जागा पाहत फिरले. चेहऱ्याकडे बघायचं नाही, हा तुमचा नियम पाळला. जिथे खांदा सावलीत जातो तिथे मागची भिंत किती हळू उजळते, हे या आधी कधी दिसलं नव्हतं. कमाटीबागेतल्या संग्रहालयातली युरोपीय तैलचित्रंही तशीच पाहायची आहेत.

इंदूरला कलाशिक्षक देवळालीकरांकडे शिकलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९५०मध्ये आपल्या बडोद्याच्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्समध्ये शिकवायला आले, तेव्हापासून या गावात रंगाबद्दल मोकळेपणाने बोलायची रीत आहे असं आपण अभिमानाने म्हणतो. ती रीत तुमच्यासारख्या माणसांनी टिकवली आहे, ज्यांचं नाव कुठल्या कॅटलॉगमध्ये नाही. तुम्ही शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालात, तरी दारात आलेल्या अनोळखी बाईला तासभर दिलात, रंगाचं माप लपवलं नाहीत आणि पैशाचा विषयही काढू दिला नाहीत. काहीजण साधी राखाडी कशी करतात तेही सांगत नाहीत, जणू ती त्यांच्या घरची ठेव आहे. चांगुलपणा मिरवावा लागत नाही, हे तुमच्या शेजारी बसल्यावर कळतं. आणि असं माणूस भेटलं की आपल्यालाही दुसऱ्याशी तसंच वागावंसं वाटतं. माझ्याकडे शनिवारी येणाऱ्या मुलींच्या कॅनव्हासला मी आता हात लावत नाही. त्यांनाही एकेक पारदर्शक कव्हर दिलं आहे.

आजींची भिंत स्पर्शाला वाळली आहे. डाव्या खांद्यामागे अंबरचा एक भाग मॅट झालाय, तिथे तेल चोळायचं बाकी आहे. व्हार्निश सहा महिन्यांनंतरच. त्याआधी एकदा चित्र घेऊन येते. उजव्या कानाशेजारची कड जरा जास्त विरघळली आहे असं मला वाटतं, तुम्ही बघून सांगा. सकाळी दहाच्या सुमारास येईन, तुमच्या खिडकीत तेव्हा उजेड चांगला असतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची ऋणी,
दांडिया बाजारातली इरकलवाल्या आजींची चित्रकर्ती