येताना पुण्याहून एक प्रोसेसर घेऊन ये

गावभाग, सांगली
१२ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

तिळगूळ परवाचा, पण पत्र आजच लिहायला घेतलंय. शनिवारी फोनवर तू म्हणालास, "त्या कॉम्प्युटरला आठ वर्षं होत आली लेका, तो भंगारात दे आणि नवीन बांध. पैसे कमी पडले तर मी घालतो." मी हं हं करून विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं असणार. पैशाची गोष्ट निघाली की मला फोनवर धड बोलता येत नाही. आणि सांगण्यासारखं इतकं साठलंय की ते फोनवर मावलंही नसतं.

दिवाळीपासून मशीन खेळता खेळता बंद पडायला लागलं, हे तुला माहीत आहे. निळा पडदा नाही, अडकणं नाही, कुणी पिन उपटावी तसं खटकन बंद. तुला वाटायचं मी मॅच हरायला लागलो की नेट जातं. मी शेवटी ते दुकानात नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, या पिढीचा बोर्ड आता मिळत नाही, सगळा सेट नवीन घ्या. कॅबिनेट स्कूटरवर पायांत धरून हरभट रोडने घरी आणलं तेव्हा खरंच वाईट वाटलं. रात्री जेवणही नीट गेलं नाही, आईने दोनदा विचारलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. बोर्ड गेला असेल तर याच मशीनवर मी मार्केट यार्डाची हिशेबाची कामं पाच-पाच तास कशी करतो? टॅली चालते, पिक्चर चालतो, एकदाही बंद पडत नाही. गेम सुरू झाला, ग्राफिक्स कार्डाचा पंखा चढला, की दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास. म्हणजे ओझं आलं की मान टाकतंय.

मग मी एकेक करून बघत गेलो. आधी तापमान. प्रोसेसर सत्तरीच्या आसपास, कार्ड त्याहून थोडं वर, दोन्ही काळजीचं नाही. रॅमची टेस्ट रात्रभर लावून झोपलो, सकाळी एकही चूक नाही. विंडोजच्या नोंदींत दर वेळी तेच, कर्नल-पॉवर ४१. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं. का गेलं ते ती नोंद सांगत नाही. २०१९ च्या पुराच्या दमटपणाने बोर्ड खाल्ला असेल अशीही शंका होती, म्हणून बॅटरी आणि भिंग घेऊन सगळा बोर्ड बघितला. कनेक्टरांवर कुठे हिरवट बुरा नाही.

मग एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याच्या जाळीतून मोबाईलचा टॉर्च आत मारला. वीज साठवणारे दोन कपॅसिटर दिसले. त्यांची डोकी सपाट असायला पाहिजेत, ती पोळी फुगावी तशी फुगलेली, आणि एकाच्या खाचेतून तपकिरी काहीतरी बाहेर येऊन वाळलेलं. मी तो डबा उघडला नाही, तूही कधी उघडू नकोस. वायर काढून ठेवली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

दुसऱ्या दिवशी मिरजेला मावसभावाकडे गेलो आणि त्याचा ५५० वॅटचा एसएमपीएस एका रात्रीपुरता मागून आणला. येताना सतारमेकर गल्लीत पाच मिनिटं उभा राहिलो. एक कारागीर जुना तंबोरा मांडीवर घेऊन जवारी लावत होता. घोडी नवी, भोपळा आणि दांडी जुनीच. कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस. त्याला कसलीच घाई नव्हती. घरी येऊन एसएमपीएस बदलला आणि चार तास गेम चालवला. एकदाही बंद पडलं नाही.

बाळ्या, दोष आपल्या दोघांचा आहे रे. मे २०१८ आठव. तेव्हाही रॅम महाग होती, आपण आठ जीबीची एकच पट्टी घेतली होती. ग्राफिक्स कार्डं क्रिप्टोवाल्यांनी उचलून नेलेली, म्हणून जीटीएक्स १०६० वर ठरवल्यापेक्षा जास्त गेले. ते भरून काढायला आपण एसएमपीएसवर हात आखडला. डब्यावर ४५० वॅट लिहिलंय ना, तेवढंच वाचलं. काल त्याचं लेबल नीट वाचलं. बारा व्होल्टच्या लाइनवर १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही बारा व्होल्टवरच जगतात. कार्ड एकटं १२० खातं, प्रोसेसर कागदावर ६५ चा आणि जोरात असताना त्याहून जास्त, वर पंखे आणि हार्डडिस्क. नवा होता तेव्हा त्याने ते ओढलं. कपॅसिटर दमल्यावर कुठून ओढणार? साडेसात वर्षं त्याने ओढलं याचंच मला आता नवल वाटतं.

तर नुसती दुरुस्ती म्हणजे चांगला एसएमपीएस. चार हजारांच्या आत काम होतं आणि मशीन उभं राहतं. मग तू विचारशील, एवढ्यावर का थांबत नाहीस?

थांबलो असतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि आपला प्रोसेसर, रायझन ५ १६००, विंडोज ११ च्या यादीत नाही. पळवाटा आहेत, पण ज्या मशीनवर मी लोकांचे हिशेब ठेवतो त्यावर मला पळवाट नको. शिवाय काउंटर-स्ट्राइक २ आल्यापासून धूर उडाला की माझे फ्रेम कोसळतात. रिझोल्यूशन कमी केलं तरी फरक पडत नाही, म्हणजे तिथे अडतंय ते कार्ड नाही, प्रोसेसर आहे.

आणि इथेच आपल्या हातून २०१८ मध्ये एक गोष्ट फार चांगली झाली. तू तेव्हा हट्ट धरलास की इंटेल नको, एएमडीचा एएम४ सॉकेटवाला बोर्ड घेऊ, पुढे प्रोसेसर बदलता येईल. मी तुझ्याशी किती भांडलो होतो! ते तुझं म्हणणं आज अक्षरशः खरं ठरलंय. त्याच बी३५० बोर्डावर, नुसता बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, नवा करून, २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. तसेच सहा कोअर, तसेच बारा थ्रेड, तेच ६५ वॅट, पण ३.६ गिगाहर्ट्झवर थांबणारा गडी जाऊन ४.४ पर्यंत पळणारा येतो, आणि प्रत्येक गिगाहर्ट्झमागे कामही जास्त करतो. विंडोज ११ चाही प्रश्न मिटतो. आपल्या बोर्डाच्या कंपनीची यादी मी तीनदा वाचली. नव्या बायोसवर जुना १६०० सुद्धा चालतो, त्यामुळे आधी बायोस आणि मग प्रोसेसर, असा क्रम लावता येतो. काही बोर्डांवर जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकलाय, म्हणून ते बघणं भाग होतं.

आता तुझं नवीन बिल्ड. मी कागदावर मांडून बघितलं, उगाच नाही म्हणत नाही. नवीन म्हणजे एएम५, पुढच्या पिढीचं सॉकेट. एएम५ म्हणजे नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, आणि रॅम डीडीआर५ च, आपली डीडीआर४ तिथे बसतच नाही. आणि रॅमचे भाव बघितलेस का गेल्या चार महिन्यांतले? एआयच्या डेटा सेंटरना मेमरी पुरवण्यात कारखाने गुंतलेत आणि आपल्यासारख्यांच्या पट्ट्या उरल्यासुरल्या मालातून निघतात. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीरच केलं की क्रुशियल नावाने घरगुती ग्राहकांना विकणं बंद करणार. आपण २०१८ मध्ये महाग रॅममुळे एसएमपीएसवर पाणी सोडलं. आज नवीन बांधायला गेलो तर पुन्हा तेच होईल, रॅम सगळं खाईल आणि कुठेतरी हलका माल घ्यावा लागेल. माझ्याकडे आता चालत्या १६ जीबी आहेत. आजच्या दिवशी ती मोडीत काढणं मला पटत नाही.

कार्ड म्हातारं झालंय, ते मान्य. एनव्हिडियाने ऑक्टोबरमध्ये या पिढीला नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे येतील. पण आपण दोघं जे खेळतो ते त्यावर चालतं. वर्षभराने घेईन तेव्हा आठ जीबीचं घेईन. एक लक्षात ठेवलंय, आपला बोर्ड जुन्या पीसीआय ३ चा आहे, म्हणजे कार्डाशी बोलायची प्रत्येक वाट (लेन) हळू. आरएक्स ६६०० कार्ड आठ लेनवर चालतं, त्याचं फार बिघडत नाही. चार लेनवाली स्वस्त कार्डं मात्र या बोर्डावर गुदमरतात.

हिशेब झाला. पण हिशेबाबाहेरचंही एक आहे आणि ते तुलाच सांगू शकतो.

काल कॅबिनेट उघडल्यावर मागच्या पंख्याचे चार स्क्रू दिसले. गंजून नारिंगी झालेत. ऑगस्ट २०१९ चे आहेत ते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आपल्या बोळात गुडघाभर असतानाच तू तुमच्या घरचं सोडून आमच्याकडे आलास. मी कॅबिनेट छातीशी धरलं, तू मॉनिटर गोधडीत गुंडाळून डोक्यावर घेतलास, आणि समोरच्यांच्या तिसऱ्या मजल्यावर आपण ते ठेवलं. तुझी वह्यांची पेटी त्यात गेली. तू कधी त्याबद्दल बोलला नाहीस. मीही कधी बोललो नाही, आज लिहितोय. त्या मशीनवरच तू पुण्याला गेल्यावर दर शनिवारी रात्री आपण भेटतो. बाबा गेले त्या महिन्यात मी कुणाशीच बोलत नव्हतो, तेव्हा हेडफोन लावून तुझ्याशी दोन-दोन तास बोललो. म्हणून दुकानदाराने "भंगार" म्हटलं तेव्हा मला लागलं, आणि तू म्हणालास तेव्हा जरा जास्तच लागलं. राग नाही मर्दा, फक्त कळावं म्हणून लिहिलं.

तर पैसे नकोत, पण एक काम कर. २६ जानेवारी सोमवारी आहे, सलग सुट्टी आहे. येताना तिकडून ५६०० घेऊन ये, पक्क्या बिलाचा, सीलबंद. पैसे आजच पाठवतो. एसएमपीएस मी उद्याच मागवतोय, ५५० वॅट, कमी वीज वाया घालवणारा ब्रॉन्झवाला, आणि या वेळी लेबल वाचून. बायोसही तू यायच्या आधी करून ठेवतो, येत्या रविवारी रात्री, यूपीएसवर लावून. मधेच लाईट गेली तर बोर्ड कायमचा बसेल, त्यामुळे घरात मिक्सरसुद्धा लावू देणार नाही.

प्रोसेसरवरचा कूलर मात्र मी एकटा काढणार नाही. २०१८ पासून तो हललेला नाही, खालची उष्णता वाहणारी पेस्ट दगड झाली असणार. एएम४ ला पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१, आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी अर्धा तास गेम चालवून पेस्ट गरम करायची, मशीन बंद करायचं, भिंतीतला प्लगही काढायचा, आणि मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सैल करायचा. बसवताना तू बोर्ड धरला होतास आणि मी स्क्रू पिळले होते. या वेळी मी धरतो, तू फिरव. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

आईने तुझ्यासाठी भडंग करून ठेवायचं म्हटलंय. २४ ला शनिवारी कुठल्या गाडीने निघतोस ते कळव, स्टँडवर घ्यायला येतो.

तुझाच,
पप्या