चि. वैदेहीस

चि. वैदेही हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

गाडी जम्मूला पोचल्याचं आईकडून कळलं. निघताना जे बोलणं झालं त्यावर मी आता काही लिहिणार नाही. एवढंच सांगतो, पाऊस चालू असताना कटिंगखाली, म्हणजे डोंगर कापून केलेल्या उभ्या कड्याखाली, उभी राहू नकोस.

तू म्हणालीस, तुम्ही तर जन्मभर तेच केलंत. केलं, म्हणूनच सांगतोय. रात्री बत्ती आणि गाडीला धोक्याचा इशारा द्यायचे फटाके घेऊन रुळांच्या पेट्रोलिंगला निघालं की कान डोंगराकडे ठेवावे लागत. दरड येण्याआधी गटाराचं पाणी एकदम गढूळ होतं. सुपारीएवढे खडे रुळावर टपटपायला लागतात, मग धोंडा येतो. कधी कधी मात्र खडे आणि धोंडा एकदमच येतात.

तिथला खडक आपल्या जांभ्यासारखा नाही, हे तूच मला शिकवलंस. 6 जून 2025 ला जम्मूकडच्या चिनाब नदीवरल्या रेल्वे पुलाचं उद्घाटन टीव्हीवर चाललं होतं, आणि तू ताटावरून उठून कॅलेंडरच्या पाठीवर दरी काढून दाखवलीस. 467 मीटरची कमान, दोन्हीकडे भेगाळलेला डोंगर, त्यात खोल बसवलेले अँकर, म्हणजे खडक धरून ठेवणारे लोखंडी दांडे. नदीपासून 359 मीटर उंच! आपला रत्नागिरीजवळचा पानवलचा रेल्वे पूल 64 मीटर उंच, तर त्यावरून जाताना तुझी आई अजून डोळे मिटून घेते. ते काम आपल्या कोकण रेल्वेने केलं म्हणून माझी छाती फुगली होती. तुझं सगळं लक्ष मात्र माधवी लता बाईंकडे. आंध्रातल्या खेड्यातून आलेली बाई, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक, आणि त्या पुलाच्या पायासाठी, उतारांसाठी 17 वर्षं राबलेली. खोदल्यावर खडक अंदाजापेक्षा वेगळा निघायचा, की आराखडा बदलायचा.

पुढे बाईंनी लिहिलं होतं, मला उगाच मोठं करू नका, हजारो माणसांचं हे काम आहे. आणि हेही, की आमची मुलगी तुमच्यासारखी व्हावी असं कितीतरी वडिलांनी त्यांना कळवलंय. ते वाचून दाखवून तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी काही लिहिलं नव्हतं त्यांना, पण मनातून मी त्या वडिलांतलाच. फक्त त्यातल्या पुष्कळांना आपली मुलगी डोंगराखाली नेमकी कुठे उभी राहणार हे ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे.

शाळेत तू बोललीस तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. परातीत मातीचा उतार केलास, तांब्याने पाणी ओतलंस, सगळा उतार खाली आला. मग तसाच उतार करून त्यात खराट्याच्या काड्या खोचल्यास आणि पुन्हा पाणी ओतलंस. या वेळी तो टिकला. नववीच्या मुली बाक सोडून पुढे धावल्या. पाटलांची धाकटी मला दोनदा विचारून गेली, सिव्हिलला जायला गणित किती लागतं? तिला मी काय सांगणार! तू फोन कर तिला. कामाच्या गडबडीत विसरू नकोस, पोरगी वाट बघतेय.

पाहणीला एकटी जाऊ नकोस. वर नजर ठेवायला माणूस उभा केल्याशिवाय खाली उतरायचं नाही. वरून कोणी घाई केली तरी नाही. पाऊस थांबला म्हणूनही लगेच जायचं नाही, आत पाणी मुरलेलं असतं, दरड लख्ख उन्हातही येते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांध, नुसतं डोक्यावर ठेवून काय उपयोग? हे सगळं तू परीक्षेत लिहून आलीस आणि मी तुलाच शिकवत बसलोय. रागावू नकोस गं.

भाऊकाकांचं ऑपरेशन पुढे गेलंय. माईआत्याला तू नेमकी कुठे आहेस ते अजून सांगितलेलं नाही, तिचा फोन आलाच तर जपून बोल. कुळथाचं पीठ आणि आमसुलं पार्सलने पाठवतोय, थंडीत पिठी कर.

रोज साइटवरून खाली आलीस की आईला मेसेज टाक, ती मला सांगते. पण तिथल्या उताराला जाळ्या लावल्यात का आणि कुठपर्यंत, ते मला कळव. फोटो पाठवलास तर फारच बरं.

तुझे,
बाबा