आईला ओल्ड गोव्याला नेऊन आणणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव घातलेलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून नुसतं मामा म्हणते. कोल्हापुरात स्टँडबाहेर गाडी लावणारे सगळे मामाच. त्यातल्या ज्या मामांनी डिसेंबरात माझ्या आईला ओल्ड गोव्याला नेलं, त्यांना हे पत्र. तुमच्या लेकीकडून वाचून घ्या. चष्म्याशिवाय मोबाइल वाचायचा हट्ट नको. आईचा गुडघा आता बरा आहे. घरी येणाऱ्याजाणाऱ्याला ती चर्चपेक्षा तुमच्याच गोष्टी जास्त सांगते, तेव्हा म्हटलं आपण सगळ्यांसमोरच लिहावं.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगते. आम्ही कोल्हापूरचे प्रोटेस्टंट. १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी इथं आले, त्या मिशनच्या मंडळीतलं आमचं घर. आमच्याकडे संतांच्या मूर्ती नाहीत, अवशेष नाहीत, नवस तर नाहीतच. पण आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती आणि तिच्याबरोबर नाइट ड्यूटीला म्हापशाची एक कॅथलिक नर्स असायची. ‘आमच्या सायबाला एकदा बघून जा,’ हे ती आईला सांगत राहिली. सायब म्हणजे गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर. त्यांचं शव दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात आणि दर वेळी आईचं काहीतरी आडवं यायचं. कधी बाळंतपण, कधी ड्यूटी, कधी बाबांचं आजारपण. ती मैत्रीणही गेली. या वेळचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा होता. पुढचा २०३४ ला. आईनं हिशेब केला आणि म्हणाली, मी काही तोवर थांबत नाही.

एका टूरवाल्याकडे सीट बुक केल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन, माणसं भरली नाहीत, बस रद्द. रात्री कुणीतरी तुमचा नंबर दिला. पहाटे तुम्ही दारात हजर, आणि पहिलंच वाक्य, ‘आक्का, गुडघं दुखत्यात न्हवं? मग पुढच्या शिटवर बसा, पाय लांब हुत्यात.’ गुडघ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. पायरी उतरतानाच बघितलं असणार.

निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. रस्त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. आंबोलीत धुकं होतं, चहा बरा होता.

खरं सांगायचं ते रांगेचं. पार्किंगला गाडी लावून तुम्हाला झोपता आलं असतं, ड्रायव्हर लोक झोपतातच आणि त्यांचा तो हक्क आहे. तुम्ही आम्हाला झाडाखाली बसवलंत आणि एकटेच रांगेच्या कडेकडेनं शेवटपर्यंत चालत जाऊन आलात. पाणी कुठं, संडास कुठं, सावली कुठं संपते, बसायला खुर्च्या कुठं, सगळं बघून आलात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत, त्या गुलालाच्या लोटात, तुम्ही म्हाताऱ्या आईला वर्षानुवर्षं नेलंय. सासनकाठ्या नाचताना माणसाला कसं सांभाळायचं हे ज्याला येतं, त्याला पोर्तुगीज चर्चच्या अंगणात कसली अडचण? स्वयंसेवक पोरीला तुम्ही ठणठणीत कोल्हापुरीत विचारलंत, ‘ताई, म्हाताऱ्या माणसांची रांग येगळी हाय का?’ ती कोंकणीत काहीतरी बोलली, दोघांनाही कळलं, आणि आम्ही वेगळ्या वाटेनं आत लागलो.

त्याआधीचं मात्र मला जन्मभर लक्षात राहील. तुम्ही एका चिठ्ठीवर माझा आणि तुमचा नंबर लिहिलात, चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घातलीत आणि माझ्याकडे देऊन म्हणालात, ‘ही आक्कांच्या पदराला आतल्या बाजूनं पिन करा. चुकामूक झाली तर माणूस घाबरतं, नंबर आठवत न्हाई. आणि कडेनं चालू नका, मधी घ्या त्यास्नी.’ मी इतिहासाची शिक्षिका, दर वर्षी सहलीला साठ-साठ पोरं घेऊन जाते. हे मला कधी सुचलं नव्हतं. आता सहलीत प्रत्येक पोराच्या खिशाला आतून चिठ्ठी लागणार आहे.

से कॅथेड्रलमध्ये काचेच्या पेटीपुढे क्षणभरच उभं राहायला मिळतं. मला वाटलं आई रडेल. ती नर्ससारखी वाकून बघत होती! आधी पाय, मग चेहरा, मग उजवा हात कुठंय ते शोधलं. तो हात तिथं नाही, १६१४ साली रोमला नेलाय. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, ‘आक्का, खरंच टिकलंय का वो?’ तर आईनं पायरीवर बसूनच तुम्हाला सगळं सांगितलं. झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या शांगचुआन बेटावर वारले. हाडं लवकर सुटी होऊन न्यायला सोपी जावीत म्हणून पेटीत चुना भरला होता. काही महिन्यांनी उघडलं तर शरीर तसंच. मग ते मलाक्काला गेलं आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आलं. आता ते पुष्कळ सुकलंय, आकसलंय, हेही आईनं लपवलं नाही. तुम्ही फक्त ‘चुन्यात?’ एवढंच म्हणालात आणि बराच वेळ मान हलवत राहिलात.

चुना म्हटल्यावर तुम्ही मान का हलवणार नाही? तुमचे वडील गवंडी होते, हे आम्हाला समोरच्या बॉम जीझस चर्चपुढे कळलं. १५९४ साली बांधायला घेतलेलं आणि १६०५ साली पुरं झालेलं ते बॅसिलिका. सगळे दारातून आत पळत होते आणि तुम्ही बाहेरच्या भिंतीला हात लावून उभे. ‘ह्यो जांभा हाय. पावसाच्या गावात जांभा उघडा ठेवतंय का कोण? गिलावा कुणी उतरवला?’ मामा, नेमका हाच वाद तिथं चालू आहे. त्या भिंतींना मुळात चुन्याचा गिलावा होता, १९५०च्या दशकात तो काढून टाकला. आता लोकांना तांबडं, उघडं चर्चच ओळखीचं झालंय आणि पाऊस दगड खातोय. १९८६ पासून ओल्ड गोव्याची चर्च जागतिक वारशात आहेत, जाणकारांची ये-जा असते. पण खडबडीत दगडावर अंगठा फिरवून, नखात आलेली तांबडी भुकटी मला दाखवून, ‘बघा, सुटायलाय’ असं सांगणारा माणूस मला तुमच्या रूपानं भेटला. शव एरवी ज्यावर असतं तो आतला संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेला, १६९८ साली इथं जोडलेला. त्याच्याकडे तुम्ही एकदा बघितलंत आणि म्हणालात, चांगलाय. बस्स.

परतताना तुम्ही मला जे विचारलंत त्याचंही उत्तर इथं लिहिते, कारण तेव्हा घाट चालू होता आणि आईला डुलकी लागली होती. ‘बाई, ह्याच लोकांनी देवळं पाडली, माणसं छळली म्हणत्यात, ते?’ तर हो. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून माणसांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं, झेवियर वारल्यावर आठ वर्षांनी. पण ते गोव्यात आणावं असं पोर्तुगालच्या राजाला त्यांनी स्वतः १५४६ साली लिहिलं होतं. आणि हेच झेवियर रस्त्यारस्त्यानं घंटी वाजवत पोरं गोळा करायचे, इस्पितळात रोग्यांची सेवा करायचे. दोन्ही एकाच माणसाचं. वर्गात मी दोन्ही शिकवते. आईला दुसरं ठाऊक होतं आणि पहिलंही, तरी तिला जायचं होतं. तुम्ही माळकरी, तुम्हालाही काहीतरी खटकलं असणार, म्हणूनच विचारलंत. पण विचारलंत ते दर्शन करवून आणल्यावर, आधी नाही. याबद्दल खास आभार.

आणि जेवणाचं. गोव्यात येऊन आम्ही तिघांनी मामींच्या डब्यातलं पिठलं-भाकरी खाल्ली, यावर माझ्या भावाचा अजून विश्वास बसत नाही. मासे खाणारी आई स्वतःहून म्हणाली, ‘मामा खात नाहीत तर राहू दे आज.’ कांदा तुम्ही गाडीच्या बोनेटवर बुक्कीनं फोडलात. मिरचीचा ठेचा मात्र जरा बेतानं घालायला सांगा मामींना, आईला रात्री त्रास झाला.

वेटिंगचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ‘देवाच्या कामाला वेटिंग नसतं,’ म्हणालात आणि गाडी वळवून गेलातही. हे मला मुळीच पटलेलं नाही. पाकीट तुमच्या लेकीकडे दिलंय, तिच्या फीला लावा.

आता पुढचं काम. ईस्टर झाल्यावर पंधरवड्यानं, सोमवारी, म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त (उत्सव) असतं. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी, असं तिकडे मानतात. हिंदू-ख्रिस्ती सगळेच सायबिणीला तेल वाहायला येतात. मैत्रिणीचं गाव म्हणून आईला तिथं जायचंय. प्रोटेस्टंट बाईनं तेल घालावं का, हे ती आणि आमचे पाळकसाहेब बघून घेतील. तुम्ही फक्त तो दिवस मोकळा ठेवा. पुढची सीट आईची, आणि या वेळी वेटिंग धरून आधीच ठरवू.

तुमची,
आक्कांची लेक