वाचनालयातल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि किल्ल्या घेऊन दुसऱ्या खोलीकडे निघता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबांचा क्लब म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेल्या मंडळींचा. वैमानिक, नॅव्हिगेटर, फ्लाइट इंजिनीअर, सिग्नलर, सगळे. महिन्यातून एकदा भेटायचं, एवढाच नियम. पण असा क्लब चालू ठेवणं फार जिवावरचं काम आहे, हे फोन करून माणसं जमवताना मला कळलं. कुणाला जिना चढवत नाही, कुणाला अंधार पडल्यावर गाडी चालवता येत नाही. नव्याने निवृत्त होणारे बरेच जण एअरलाइन्समध्ये जातात, त्यांचा रविवार ड्युटीत जातो. आणि दरवर्षी एखादा फोन असा येतो की यादीतलं एक नाव कमी करावं लागतं.

त्यात आधीचा हॉल गेला. 26 जानेवारीला याच लोकांना व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देणाऱ्यांना महिन्यातले दोन तास जड झाले. "दहा-बारा म्हाताऱ्यांसाठी हॉल कशाला अडवायचा?" हे बाबांच्या देखत बोललं गेलं. बाबांना ऐकू कमी येतं, पण हे नेमकं ऐकू आलं. त्यानंतर त्यांनी क्लबचा विषयच काढणं सोडलं. मला त्या माणसांचा अजून राग आहे.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा निरोप समारंभ होता. 1963 पासून दलात असलेलं लढाऊ विमान. आम्हा नाशिककरांना ते जरा जास्तच जवळचं, कारण ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात ती विमानं बनली. निदान तो दिवस तरी सगळ्यांनी एकत्र बघावा, असं मला फार वाटत होतं. वाचनालयाच्या समितीने लगेच होकार दिला, त्यांचे आभार आहेतच. पण समितीने खोली दिली, बाकीचं तुम्ही केलंत.

टीव्हीवरचं प्रक्षेपण संपलं आणि नेहमीसारखं झालं. रांगेत बसलेली माणसं, प्रत्येक जण समोर बघतोय, कुणी कुणाशी बोलत नाही. उभं आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेल्यावर कान राहत नाहीत, मामा. श्रवणयंत्र लावलं तर माणसाच्या बोलण्याआधी पंख्याची घरघर कानात शिरते. तुम्ही दारातून हे बघितलंत. कुणी काही सांगितलं नव्हतं. आत आलात, पंखे बंद केलेत, खिडक्या उघडल्यात आणि एकेकाला हाताला धरून उठवत खुर्च्या गोलात मांडल्यात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. ज्यांचे यजमान मिगवर होते, त्या काकूंना कोपऱ्यातून उठवून सगळ्यांच्या मध्ये बसवलंत. मला म्हणालात, "तोंड दिसलं की ऐकू येतं. माझ्या आईचं असंच होतं."

आणि बाबा बोलायला लागले! 11 डिसेंबर 1971, युद्धाचे दिवस, आताच्या बांगलादेशातलं टांगाईल. पॅराशूटवाल्या जवानांना घेऊन गेलेल्या विमानांपैकी एका 'पॅकेट' या मालवाहू विमानावर ते नॅव्हिगेटर होते, एवढंच मला माहीत होतं. शेवटचा जवान बाहेर पडल्यावर विमान कसं हलकं होऊन उचललं गेलं, ते त्यांनी तळहात वर नेऊन दाखवलं. पलीकडच्या काकांनी त्यांचा तो हात धरला आणि आपलं सांगायला सुरुवात केली. काकू बोलल्या, हसल्यासुद्धा. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण पंखा लावा असं एकानेही म्हटलं नाही.

मोठा निधी, मोठा हॉल, पाहुण्यांची भाषणं यांनी क्लब टिकेल असं आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं. टिकला तो तुमच्यामुळे. यायचं बंद केलेले दोघे पुढच्या महिन्यात आपणहून आले. एअरलाइन्समधला एक तरुण वैमानिक आता आपली सुट्टी बघून आम्हाला तारीख सुचवतो. समोरच्याला काय अडतंय ते न विचारता ओळखणारी आणि गाजावाजा न करता उठून कामाला लागणारी तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून म्हातारपणातही माणसाची शान राहते.

आता एक हट्ट आहे. पुढच्या भेटीला दारात उभं राहायचं नाही. गोलात एक खुर्ची जास्त मांडा आणि तिच्यावर तुम्ही बसा. तुमच्या आईंबद्दल बाबांना ऐकायचंय.

तुमची,
क्लबच्या फोनवाली ताई