‘उशिराच शिकतात’ म्हणून थांबू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या आईवडिलांना ‘अशी मुले उशिराच शिकतात, धीर धरा’ असे सांगून घरी पाठवण्याची पद्धत नागपुरात अजून दिसते. मुले उशिरा शिकतात हे खरे. चालायलाच त्यांना साधारण दोन वर्षे, कधी त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पण २१ वे गुणसूत्र जादा असल्यामुळे होणारा उशीर वेगळा आणि त्याच्या नावाखाली तपासण्या राहून गेल्याने होणारा उशीर वेगळा.

जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, त्यामुळे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) बहुधा होते. कान मात्र मागे पडतात. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे पाणी साचते, आणि कान दुखत किंवा वाहत नसल्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. मूल हाकेला वळेना, बोलेना, की त्याच्या बुद्धीवर ठपका ठेवून सगळे मोकळे होतात. थायरॉईडचेही तेच; सुस्ती आणि बद्धकोष्ठ ‘सिंड्रोममुळेच’ म्हणून खपून जातात.

स्नायू सैल असल्याने निजलेल्या बाळाचे पाय बेडकासारखे फाकतात. दोन्ही मांड्यांना बाहेरून टॉवेलची गुंडाळी कशी लावायची, हे फिजिओथेरपिस्टने आईच्या हातून एकदा करून घेतले, तर काटोल-उमरेडच्या रोजंदारीवरच्या बाईला त्यासाठी दर आठवड्याला नागपुरातले मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावे लागणार नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, डाऊन सिंड्रोम त्याच्या तपासणीच्या यादीत आहे, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूदही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून लागू होतो, म्हणजे त्याआधी गरिबाच्या मुलाला अंगणवाडीचाच आधार. केंद्र सरकारने २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही जाहीर केली. तरीही आमच्या नातीच्या वेळी अंगणवाडीतून ‘शी-शू सांगायला लागली की आणा’ असेच उत्तर मिळाले. (ते सांगायला शिकवणार कोण, हे विचारायचे राहिलेच.)

आरोग्य विभागाला आणि महापालिकेला विनंती, की अशा बाळाच्या डिस्चार्ज कार्डावरच इको, थायरॉईड आणि दर सहा महिन्यांच्या श्रवण चाचणीच्या तारखा लिहून द्याव्यात, सोबत हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी जोडावी, आणि त्या तारखा पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम त्या वस्तीतील आशाताईंकडे, त्याचा वेगळा मोबदला देऊन, सोपवावे.

आपली,
एक आजी, मानेवाडा, नागपूर