बी विंगमागची भिंत: गिलाव्याचा चेक थांबवा की अण्णा

अध्यक्ष अण्णा, नमस्कार.

परवाच्या मीटिंगमध्ये सगळेच एकदम बोलत होते, माझं राहून गेलं म्हणून हे पत्र. बी विंगमागच्या, माती अडवणाऱ्या भिंतीची भेग सिमेंटनं भरायची, वरून गिलावा आणि गणपतीच्या आत रंग, असं ठरलंय म्हणे. चेक अजून दिला नसेल तर देऊ नका.

काल ओळंबा लावून बघितलं. आठ फुटांत भिंत दीड इंच पुढं आलीय. भेग खाली बारीक आणि वर रुंद, वरच्या टोकाला पाच रुपयाचं नाणं सहज आत जातंय. भिंत कलूलालीय अण्णा, रंगानं काय होणार?

दुखणं मागच्या काळ्या मातीचं आहे. येळ्ळूरच्या शिवारात आमचं भात निघालं की मसूर, आणि एप्रिलमध्ये रानाला अशा भेगा की आजोबांची काठी हातभर आत जायची, दोन वळीव झाले की त्याच भेगा गायब. भिंतीमागं पण तेच चाललंय. उन्हात माती आकसते, भिंतीपासून सुटते, त्या फटीत वरची ढेकळं नि कचरा पडतो, मग पावसात माती फुगायला बघते तर तिची जागा आधीच भरलेली, मग ढकलणार कुणाला, भिंतीलाच की. आणि पाऊस सरल्यावर भिंत काय परत मागं जात नाही. असं दरवर्षी थोडं थोडं.

त्यात पाणी. मागं पूर्ण उंचीला पाणी तुंबलं तर आठ फुटी भिंतीला दर फूट लांबीमागं नुसत्या पाण्याचा रेटा ९०० किलोच्या आसपास, आपली भिंत साठ फूट, तुम्हीच हिशोब करा. पाणी निघायला भोकं चार, त्यातली तीन मागच्या वेळच्या ठेकेदारानं गिलाव्यात बुजवली. मी चमच्यानं एक उकरलं तर आत काळी माती गच्च, खडीचा एक दाणा नाही. आणि टेरेसचा पाईप सोडलाय कुठं, तर बरोब्बर तिथंच!

मलप्रभा नदीच्या कालव्याला काळ्या मातीचा हाच त्रास होता. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर द्यायची पद्धत काढली ती तिथं वापरली. म्हणजे इलाज आपल्याच भागात झालाय.

आपल्याला करायचं ते असं: भिंतीमागची दोन-अडीच फूट काळी माती काढून खडी, खडी आणि मातीच्या मधे फिल्टर कापड, तळाला भोकांचा पाईप गटारीकडं उतार देऊन, आणि वरून मुरूम दाबून, म्हणजे पावसाचं पाणी आत मुरणार नाही. भिंतीला दर चार-पाच फुटांवर नवी भोकं. पण हे दिवाळीनंतर, आणि दहा-दहा फुटांच्या तुकड्यांत, ऐन पावसात सगळी माती उकरली तर उलटंच व्हायचं. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवूया, पाया भेगा जातात त्याच्या खाली नसेल किंवा रुंदीला उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर तो भिंत नवीनच बांधा म्हणेल, तयारी ठेवा.

टेरेसचा पाईप मात्र आत्ताच वळवायचा, आणि भिंतीमागं वरच्या जमिनीवर लावलेल्या त्या दोन गाड्या तिथून काढायला सांगा (एक माझ्या मेव्हण्याची आहे, त्याला मी सांगतो). रविवारी सकाळी प्लंबर घेऊन येतो, टेरेसची चावी तेवढी वॉचमनकडं ठेवा.

तुमचा,
बी विंग, तळमजला