काकांच्या रिपोर्टमधला तो आकडा

सुन्या,

रात्री दीडला रिपोर्टचा फोटो टाकलास आणि खाली नुसतं "हार्ट गेलं का रे?" फोनवर अर्धवटच बोलणं झालं म्हणून नीट लिहितोय. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची टेस्ट) 480 आलंय आणि शेजारी 125 छापलंय म्हणून तुझी तंतरली, कळतं मला. पण ती 125 ची रेघ "याच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर बहुतेक नाही" असं म्हणण्यापुरती आहे, वर गेलं म्हणजे झालंच असं नाही. वयानं वाढतं, किडनी मंदावली तरी वाढतं, आधी क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) बघ बरं.

आता लिव्हरचं. हिपॅटायटिस सी चा व्हायरस काकांच्या अंगातून गेला, 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी काम केलं, पण सिरॉसिस, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं, मागे राहिलाच ना. त्यात पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी खाली येतं आणि हृदय ते भरून काढायला जास्त रक्त फेकत बसतं, वर्षानुवर्षं. पंपिंग झकास दिसतं पण स्नायू हळूहळू ताठरतो, सिरॉटिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात त्याला, आणि बसल्या जागी ती कळतच नाही, मोठं इन्फेक्शन किंवा ट्रान्सप्लांट आलं की मग उघडी पडते. हृदयाची भिंत ताणली की पेशी हे प्रोबीएनपी सोडतात. म्हणजे आकडा ताण आहे एवढं सांगतो, कशाचा ते नाही, त्यासाठी इकोच, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. (बीएनपीतला बी म्हणजे ब्रेन बरं का! 1988 मध्ये जपानी लोकांना डुकराच्या मेंदूत सापडलं, नंतर कळलं की बनतं मुख्यतः हृदयात, नाव चिकटलं ते चिकटलं.)

आणि हो, घाईघाईत दुसऱ्या लॅबमधून साधं बीएनपी करून दोन्ही आकडे शेजारी ठेवू नकोस, टेस्ट वेगळ्या, रेघाही वेगळ्या. ट्रोपोनिन नॉर्मल आहे ते मात्र चांगलं, ते हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं.

मला खरं खटकलं ते पायावरचे लालजांभळे ठिपके, तू सहज बोलून गेलास. हिपॅटायटिस सी मध्ये क्रायोग्लोब्युलिन होतात, गारठ्यात साकळणारी प्रथिनं, व्हायरस गेल्यावरही कधीकधी उरतात, बारीक रक्तवाहिन्यांना आणि किडनीला त्रास देतात, अशा पेशंटमध्येही हा आकडा चढलेला आढळलाय. डॉक्टरांना ठिपके दाखवच. क्रायोग्लोब्युलिनची टेस्ट सांगितली तर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पातळ पाणी) वेगळं होईपर्यंत रक्ताची ट्यूब 37 डिग्रीला ठेवतात का ते लॅबला विचार. मी लॅबमध्ये नवीन असताना सरळ फ्रीजमध्ये ठेवली होती, सगळं गुठळीतच अडकलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह गेला, सिनियरनं जे झापलंय!

प्रोप्रानोलॉल (सिरॉसिसमध्ये पोटातल्या शिरांवरचा दाब कमी ठेवणारी गोळी) काकांनी मनानं बंद करू नये, एवढं बघ. इकोची तारीख मिळाली की कळव, मी सुट्टी टाकतो.

तुझा,
बंड्या